फौजेतले धर्मगुरू : स्वतःच्या धर्माचे, सगळ्यांच्या कामाचे



राज्यघटनेचा पाठ शिकवताना 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला की वर्गातून एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "सर, राज्याला स्वतःचा धर्म नाही, तर मग फौजेत पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाहेब आणि पाद्री सरकारी पगारावर कसे?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि घंटा होण्याआधीच्या दोन मिनिटांत त्याचे उत्तर देऊन होत नाही. म्हणून यंदाच्या मराठी पानासाठी मी हाच विषय घेतला आहे. तुमच्यापैकी अनेक जण पुढे अधिकारी होतील. तुमच्या हाताखाली जवान असतील, त्यांचे धर्मस्थळ असेल, तिथे धर्मगुरू असतील. त्या दिवशी हा प्रश्न परीक्षेपुरता राहणार नाही.

धर्मगुरू कोण असतात?

भारतीय सेनेत 'रिलिजस टीचर' म्हणजे धर्मशिक्षक हे स्वतंत्र पद आहे. त्यांची भरती थेट नायब सुभेदार या हुद्द्यावर होते, म्हणजे ते ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतात. भरतीच्या जाहिरातीतले प्रकार पाहिले तर सेनेने किती बारकाईने विचार केला आहे ते कळते. पंडित आहेत आणि गोरखा पलटणींसाठी वेगळे पंडित आहेत. ग्रंथी आहेत, पाद्री आहेत. मौलवी आहेत, त्यातही सुन्नी वेगळे, आणि लडाख स्काउट्ससाठी शिया मौलवी वेगळे. त्याच लडाख स्काउट्ससाठी महायान पंथाचे बौद्ध भिक्षूही घेतले जातात. 'मुसलमान म्हणजे एकच' किंवा 'हिंदू म्हणजे एकच' असे म्हणून सेनेने काम भागवलेले नाही.

पात्रतेच्या अटीही वाचण्याजोग्या आहेत. कोणत्याही शाखेची पदवी सर्वांना लागते. त्याशिवाय पंडितांना संस्कृतातील आचार्य ही पदवी किंवा कर्मकांडाच्या पदविकेसह शास्त्री ही पदवी लागते. ग्रंथींना पंजाबीतील ग्यानी ही परीक्षा, मौलवींना अरबीतील आलिम किंवा उर्दूतील अदीब. पाद्रींना रीतसर धर्मदीक्षा झालेली असावी लागते आणि त्यांचे नाव स्थानिक बिशपच्या मान्य यादीत असावे लागते. बौद्ध भिक्षूंनाही योग्य अधिकाऱ्याकडून दीक्षा मिळालेली असावी लागते. थोडक्यात, सेनेला 'सगळ्या धर्मांचे थोडे थोडे जाणणारा' माणूस नको आहे. तिला आपापल्या धर्मात पक्का मुरलेला माणूस हवा आहे.

आणि निवड झाल्यावर हीच सेना त्याला पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन या संस्थेत प्रशिक्षणाला पाठवते. तिथे त्याला इतर धर्मांचीही ओळख करून दिली जाते. आधी स्वतःच्या धर्मात पक्का, मग दुसऱ्याच्या धर्माशी परिचित, असा हा क्रम आहे. पुढच्या सगळ्या विवेचनात तो लक्षात ठेवा.

गर्दीतला धर्म आणि एकट्याचा धर्म

धर्मशिक्षकांची कामे कोणती? जवानांना धर्मग्रंथ समजावून सांगणे आणि पलटणीच्या धर्मस्थळात पूजापाठ करणे ही दोन कामे आपल्याला माहीत असतात. पण यादी पुढे जाते. अंत्यसंस्काराला हजर राहणे, रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस करणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणे, शिक्षा भोगत असलेल्या जवानाला भेटणे, जवानांच्या मुलांना धर्मशिक्षण देणे, कुटुंबांच्या भल्याकडे लक्ष ठेवणे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. पूजापाठ आणि प्रवचन सोडले तर उरलेली ठिकाणे कोणती आहेत? रुग्णालयाची खाट, तुरुंगाची कोठडी, चिता किंवा कबर. या सगळ्या ठिकाणी माणूस एकटा असतो.

फौजेत धर्म दोन रूपांत भेटतो असे मला वाटते. एक गर्दीतला धर्म. आठवड्याची धार्मिक परेड, सणवार, लढाईला जाताना दिलेली रेजिमेंटची आरोळी. मराठा लाइट इन्फंट्रीत केरळचा किंवा मणिपूरचा अधिकारीही 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना करतो. शीख पलटणीतला मराठी अधिकारी 'जो बोले सो निहाल' म्हणतो तेव्हा जवान 'सत श्री अकाल' म्हणून त्याला उत्तर देतात. हे वाटून घेता येते आणि वाटून घेतल्याने पलटण बांधली जाते. अनेक पलटणींत यासाठीच 'सर्वधर्मस्थळ' असते. जम्मू अँड काश्मीर लाइट इन्फंट्रीत मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एका छपराखाली ठेवण्याची परंपरा आहे.

दुसरा धर्म एकट्याचा. पाय गमावून खाटेवर पडलेल्या ख्रिस्ती जवानाला त्या रात्री सर्वधर्मसमभावावरचे व्याख्यान उपयोगाचे नसते. त्याला त्याची प्रार्थना हवी असते, आईच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत. परेडमध्ये धर्म वाटून घेता येतो; खाटेवर तो ज्याचा त्यालाच लागतो. म्हणून चांगल्या धर्मगुरूकडे दोन गोष्टी लागतात. आपल्या माणसासाठी आपली प्रार्थना नीट म्हणता आली पाहिजे. आणि समोरचा माणूस आपल्या धर्माचा नसेल तर त्याच्यावर आपली प्रार्थना न लादता त्याचा धर्मगुरू, त्याचा ग्रंथ, निदान त्याच्या धर्माचा एखादा सोबती त्याच्यापर्यंत पोहोचवता आला पाहिजे. समावेशकता म्हणतात ती हीच.

वेल्लोर, १८०६

ही गोष्ट न कळल्याने काय होते याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. १८०५ च्या नोव्हेंबरात मद्रास सेनेचे सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांच्या अमदानीत गणवेशाचे नवे नियम आले. परेडवर येताना हिंदू शिपायांनी कपाळावर गंध लावायचे नाही, मुसलमान शिपायांनी दाढी ठेवायची नाही, आणि सर्वांनी नव्या धर्तीचे, चामड्याचा तुरा असलेले पागोटे घालायचे. हुकूम काढणाऱ्यांच्या दृष्टीने हा टापटिपीचा विषय होता. शिपायांच्या दृष्टीने तो त्यांचा धर्म काढून घेण्याचा विषय होता. विरोध करणाऱ्यांना फटक्यांची शिक्षा झाली.

१० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला. त्याला इतरही कारणे होती, टिपू सुलतानाचे पुत्र त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते. पण ठिणगी पडली ती या नियमांची. अनेक ब्रिटिश अधिकारी आणि सैनिक मारले गेले. अर्काटहून आलेल्या घोडदळाने त्याच दिवशी उठाव मोडून काढला आणि शेकडो शिपायांना प्राण गमवावे लागले. नंतर ते नियम मागे घेतले गेले, क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलावण्यात आले. ५१ वर्षांनी काडतुसांच्या प्रश्नावर हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा गिरवावा लागला.

ब्रायटन, १९१४

पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक फ्रान्सच्या आघाडीवर लढले. जखमींसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन येथे, रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात रुग्णालय उघडले गेले. तिथे निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. आवारात शिखांच्या प्रार्थनेसाठी तंबू उभारला होता आणि मुसलमानांना नमाजासाठी हिरवळीवर जागा राखून ठेवली होती. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या.

जे वाचले नाहीत त्यांचे काय? हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन शहराबाहेर पॅचम गावाजवळच्या टेकडीवर झाले. तिथे ५३ सैनिकांना अग्नी दिला गेला. त्या जागी संगमरवरी छत्री बांधली गेली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे अनावरण झाले. मुसलमान सैनिकांना वोकिंग येथे नेऊन, तिथल्या शाहजहान मशिदीच्या इमामांच्या देखरेखीखाली दफन केले जात असे.

यात राजकारण नव्हते असे समजू नका. भारतीय सैनिकांची आबाळ होते असा प्रचार शत्रू करत होता आणि त्याला उत्तर देणे सरकारला भाग होते. तरी माझ्या मते यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. घरापासून हजारो मैलांवर मेलेल्या शिपायाला कोणत्या रीतीने निरोप द्यायचा, हे त्याच्या नावासमोरच्या नोंदीवरून ठरवले गेले, सोयीवरून नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर

आता वर्गातल्या प्रश्नाकडे येऊ. तो फक्त तुम्हालाच पडलेला नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये हार्वर्डच्या कायदा शाखेच्या दोन विद्यार्थ्यांनी याच मुद्द्यावर न्यायालयात दावा लावला. तिथल्या घटनेप्रमाणे सरकारने कोणत्याही धर्माची स्थापना करायची नाही. मग सेनेतील पाद्रींना पगार का? १९८५ मध्ये अपील न्यायालयाने लष्करातील धर्मगुरूंची पद्धत उचलून धरली. मुख्य युक्तिवाद सरळ होता. सैनिकाला सरकारच घरापासून दूर, जिथे त्याचे मंदिर किंवा चर्च नाही अशा जागी नेऊन ठेवते. मग त्याला आपला धर्म पाळता यावा अशी सोय करणे म्हणजे धर्माचा पुरस्कार नव्हे. उलट ती सोय न करणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याची गळचेपी.

आपल्याकडेही हेच उत्तर लागू पडते. सियाचिनवर असलेला जवान शुक्रवारी गावच्या मशिदीत जाऊ शकत नाही, वैशाखीला गुरुद्वाऱ्यात जाऊ शकत नाही. त्याला तिथे राज्याने पाठवले आहे. म्हणून धर्मगुरू पगारी आहेत. ते राज्याचा धर्म सांगायला नेमलेले नाहीत, जवानाचा धर्म जवानापर्यंत पोहोचवायला नेमलेले आहेत.

कायद्यातही हा समतोल दिसतो. घटनेचे कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते. कलम ३३ संसदेला सशस्त्र दलांपुरते मूलभूत हक्कांवर शिस्तीसाठी बंधन घालू देते. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम ६४ प्रमाणे प्रार्थनास्थळ भ्रष्ट करून किंवा अन्य प्रकारे कोणाच्या धर्मभावना जाणूनबुजून दुखावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि भरती झालेल्या जवानाच्या शपथेच्या नमुन्यात दोन पर्याय आहेत. ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करा. कसम परेडमध्ये गीता, कुराण, गुरू ग्रंथसाहिब, बायबल असे ग्रंथ समोर असतात, ते आपण छायाचित्रांत पाहतो. पण ज्याचा ईश्वरावर विश्वास नाही त्याच्यासाठीही त्या नमुन्यात जागा ठेवलेली आहे. राज्यघटनेशी निष्ठा आणि जिवावर बेतले तरी हुकूम पाळण्याचे वचन दोघांचे सारखेच असते.

चार जाकिटे

लष्करी धर्मगुरूंचा विषय निघाला की जगभर एक प्रसंग सांगितला जातो. ३ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री उत्तर अटलांटिकमध्ये ग्रीनलंडजवळ 'डॉर्चेस्टर' या अमेरिकी सैन्यवाहू जहाजावर जर्मन पाणबुडीचा पाणतीर आदळला. जहाजावर ९०२ माणसे होती, त्यांपैकी २३० वाचली. जहाजावर चार धर्मगुरू होते, चौघेही लेफ्टनंट. जॉर्ज फॉक्स मेथडिस्ट होते, क्लार्क पोलिंग रिफॉर्म्ड चर्चचे, जॉन वॉशिंग्टन कॅथलिक आणि अलेक्झांडर गूड ज्यू रब्बी. त्यांनी घाबरलेल्या सैनिकांना धीर दिला, तरंगजाकिटे वाटली आणि ती संपल्यावर स्वतःच्या अंगावरची काढून दिली. वाचलेल्यांनी त्यांना शेवटी पाहिले तेव्हा चौघे हातात हात गुंफून बुडत्या जहाजावर प्रार्थना करत उभे होते.

चौघांनी मिळून कोणती तरी सामाईक पाचवी प्रार्थना रचली नव्हती. प्रत्येकजण आपल्याच धर्माचा होता. जाकीट देताना मात्र घेणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही.

त्या देशातही ही वाट हळूहळूच रुंद झाली. अमेरिकी सेनेत धर्मगुरूंचा विभाग १७७५ पासून आहे, पण पहिले मुस्लिम धर्मगुरू १९९३ मध्ये आणि पहिल्या हिंदू धर्मगुरू, प्रतिमा धर्म, २०११ मध्ये आल्या. तिथेही प्रत्येकाला स्वतःच्या धर्मसंस्थेची मान्यता आणावी लागते. प्रतिमा धर्म यांना ती चिन्मय मिशनने दिली. आणि तिथेही नियम तोच. आपल्या धर्माचा विधी स्वतः करा, दुसऱ्याच्या धर्माच्या विधीची व्यवस्था करा. जो विधी आपल्या श्रद्धेत बसत नाही तो करण्याची सक्ती धर्मगुरूवर नाही, पण व्यवस्था करण्याच्या कामातून सुटकाही नाही.

एक अवघड खटला

इथपर्यंत सगळे सोपे वाटले असेल. आता कठीण भाग.

आपल्या सेनेतल्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याचा खटला २०२५ मध्ये गाजला. त्याच्या रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होते, सर्वधर्मस्थळ नव्हते. त्याच्या हाताखालचे जवान शीख होते. दर आठवड्याच्या धार्मिक परेडला तो त्यांच्याबरोबर जात असे, पण सर्वांत आतल्या गाभाऱ्यात जायला त्याने नकार दिला. एकाच ईश्वराला मानणारी आपली श्रद्धा त्याच्या आड येते, बाहेर उभे राहून आपण आदर दाखवतोच, असे त्याचे म्हणणे. सेनेचे म्हणणे असे की अधिकाऱ्याने जवानांबरोबर पूर्णपणे असणे हा नेतृत्वाचा भाग आहे आणि वारंवार समजावूनही हुकूम मोडणे ही बेशिस्त आहे. मार्च २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. ३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली. प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा नसून वरिष्ठांच्या कायदेशीर हुकमाचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

गर्दीतला धर्म आणि एकट्याचा धर्म इथे समोरासमोर आले. निकाल काय लागला ते तुम्हाला ठाऊक झाले, पण अभ्यास तिथे संपत नाही. जवानांना आपला साहेब आपल्या श्रद्धेपासून चार पावले दूर राहतो असे वाटले तर लढाईत त्याची किंमत मोजावी लागू शकते, हे खरे आहे. एखाद्या माणसाला गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडताना मनातून खरोखर यातना होत असतील, हेही खरे आहे. यातले एक खोटे ठरवून हा खटला समजणार नाही.

माझे मत सांगतो. अधिकारी जवानांच्या धर्मस्थळात जातो तो भाविक म्हणून नाही, त्यांचा नायक म्हणून. ही जबाबदारी वर्दीबरोबर येते आणि ती पेलणार नसेल तर आधीच विचार केलेला बरा. पण उपस्थिती आणि उपासना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक स्वच्छ सांगणे हे धर्मगुरूचे काम आहे आणि तो पाळणे हे वरिष्ठांचे. सोबत उभे राहा, हे सांगता येते. मनातून पूज, हे कोणीही कोणाला सांगू शकत नाही.

आपल्या शाळेत

तुम्ही म्हणाल, हे सगळे कमिशन मिळाल्यावर. नाही, ते आजच सुरू होते. चैल, अजमेर, धोलपूर, बेळगाव, बंगळुरू, कुठल्याही मिलिटरी स्कूलचे वसतिगृह ही एक छोटी पलटणच आहे. मराठी पान वाचणारे तुम्ही त्यात बहुधा मोजकेच असता. गणेशचतुर्थीला घरच्या आरतीची आठवण येऊन घसा दाटतो, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तो दिवस साधा बुधवार किंवा शनिवार असतो. ती जाणीव जपून ठेवा. अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे ती पुस्तकापेक्षा चांगले शिकवते.

मग मेसमध्ये रोजा धरणाऱ्या कॅडेटसाठी पहाटेच्या जेवणाची सोय झाली आहे का, हे हाउस कॅप्टनने विचारावे. जैन मित्राच्या ताटात कांदा-बटाटा आला तर त्यावर विनोद न करता वाढप्याला सांगावे. प्रार्थनेच्या वेळी जो फक्त शांत उभा राहतो त्याला 'तू का म्हणत नाहीस' असे दटावू नये. कोणाच्या घरून दुःखाची बातमी आली तर त्याला आधी विचारावे, "तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?" हा एक प्रश्न विचारता येणे म्हणजे अर्धा धर्मगुरू होणे.

बहुसंख्यांची सोय आपोआप होते, त्यासाठी कोणाला जागावे लागत नाही. पलटण चांगली की वाईट हे तिथल्या एकट्याकडे पाहून ठरवावे. आठशेंमध्ये एकच पारशी असेल, एकच बौद्ध असेल, एकच काहीही न मानणारा असेल. त्याचे नाव ज्याला ठाऊक आहे तो अधिकारी होण्याच्या लायकीचा.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या कंपनीत एका धर्माचा एकच जवान आहे आणि त्याचा धर्मगुरू जवळपास नाही. तो गंभीर जखमी झाला आहे. पहिल्या तासात तुम्ही काय काय कराल?

२. वेल्लोरचा हुकूम काढणाऱ्यांनी आधी कोणाला काय विचारायला हवे होते?

३. 'उपस्थिती' आणि 'उपासना' यांतला फरक तुमच्या शाळेतील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४. वरच्या खटल्यात तुम्ही त्या अधिकाऱ्याचे कमांडिंग ऑफिसर असता तर त्याला आणि त्याच्या जवानांना काय सांगितले असते? दोन्ही उत्तरे वेगवेगळी लिहा.